ताठर पेडलचा पंचनामा

घटनाक्रम आणि जबाबदार व्यक्ती पुढीलप्रमाणे.

पोळ्याच्या आदल्या दिवशीची संध्याकाळ, फुलंब्री. त्या संध्याकाळी जे घडले त्याबद्दल माझी कुणाविरुद्धही तक्रार नाही. कालक्रम अपुरा राहू नये, एवढ्यासाठीच नोंदवतो.

दिवाळीनंतरचा पहिला थंडीचा आठवडा. माझ्या मोटारीच्या ॲक्सिलरेटरचे पेडल ताठर झाले. जबाबदार व्यक्ती तेव्हा अज्ञात.

त्यापुढचा शुक्रवार. जबाबदार: जुन्या शहरातील एका गॅरेजचा मालक. त्याने केबल बदलली. ताठरपणा तसाच राहिला आणि दोष मात्र माझ्या पायाकडे सरकला.

मार्गशीर्षातला पहिला सोमवार. जबाबदार: एका मोठ्या सर्व्हिस सेंटरचा व्यवस्थापक. त्याने जॉबकार्डावर लिहून दिले, ‘गाडीत दोष नाही. चालकाचे वय विचारात घ्यावे.’

त्याच्या दुसऱ्या दिवशी, दूरध्वनीवर. जबाबदार: माझा मुलगा, राहणार पुणे. त्याने त्या जॉबकार्डाच्या आधारे माझी मोटार विकण्याचे ठरवले.

मी दिवाणी न्यायालयात कनिष्ठ लिपिक म्हणून लागलो आणि अधीक्षक म्हणून निवृत्त झालो. दुसऱ्यांच्या तक्रारी क्रमाने लावण्यात माझी सारी नोकरी गेली, त्यामुळे स्वतःची तक्रारही मला क्रमाशिवाय सांगता येत नाही. पत्नी गेल्यानंतर घरात बोलण्याचे प्रसंग कमी झाले आणि माझी पत्रे वाढली. नळाला येणाऱ्या गढूळ पाण्याबद्दल, दिवसा जळणाऱ्या आणि रात्री विझणाऱ्या पथदिव्याबद्दल, बँकेतल्या बंद खिडकीबद्दल मी लिहीत आलो आहे. उत्तर क्वचित येते. पोच मिळते. पोच म्हणजे उत्तर नव्हे, हे मला कुणी शिकवायला नको. तरीही शिक्का मारलेला कागद हातात पडला की त्या दिवशी आपण कुठेतरी गेलो आणि कुणाला तरी भेटलो, असे वाटते.

माझी मोटार जुनी, लहान आणि पेट्रोलवर चालणारी आहे. पत्नी असताना आम्ही तिच्यातून दौलताबादला, खुलताबादला जात असू. आता ती आठवड्यातून एकदाच फाटकाबाहेर पडते. दर शनिवारी सकाळी मी हर्सूल मागे टाकतो, चौक्याचा घाट चढतो आणि फुलंब्रीला माझ्या थोरल्या बहिणीकडे जातो. भाचा आणि त्याची पत्नी दोघेही नोकरीसाठी रोज शहरात येतात. मी निघतो तेव्हा ती दोघे मोटारसायकलवरून शहराकडे येत असतात आणि कधीकधी घाटात आम्ही एकमेकांना हात करतो. म्हणजे मी पोहोचतो तेव्हा अक्का घरात एकटी असते. एका डोळ्याने तिला दिसत नाही, दुसऱ्याने माणूस आहे की खांब आहे एवढे कळते. ती अंदाजाने धपाटे थापते, मी दही वाढून घेतो आणि जेवण झाले की त्या आठवड्यात लिहिलेली पत्रे तिला वाचून दाखवतो.

“लई कडक लिहिलंस रे,” ती म्हणते. “त्यानं वाचलं तर रडंल बिचारा.”

“ते वाचत नाहीत, अक्का.”

“मग मला वाच. पुन्यांदा वाच ते पाण्याचं.”

माझ्या पत्रांना श्रोता एवढाच आहे. म्हणून ते पेडल ही माझ्या दृष्टीने किरकोळ बाब नव्हती, हे वाचकांनी ध्यानात घ्यावे.

दिवाळीनंतर थंडी पडली, त्या शनिवारी हर्सूलच्या अलीकडेच मला जाणवले की पाय दाबला तरी पेडल खाली जात नाही. आणखी दाबावे तर ते एकदम खचते आणि मोटार उसळी घेते. घाटात तर पोटरीत गोळा आला. मागच्या ट्रकने सारखा भोंगा वाजवला आणि ओलांडून जाताना क्लीनरने खिडकीतून हात काढून मला घरी जाण्याची खूण केली. मी कसाबसा पोहोचलो. परतीच्या वाटेवर मात्र, दुपारी, पेडल पूर्ववत नरम झाले होते. एवढी ठळक विसंगती माझ्या पुढ्यात होती, आणि मी ती नुसती नोंदवून ठेवली.

गुलमंडीच्या मागच्या बाजूस ज्या गॅरेजात मी वर्षानुवर्षे मोटार नेत आलो, तेथे मी सकाळीच गेलो. नंबर दुपारी लागला. मोटार तोपर्यंत उन्हात उभी होती. मालकाने केबल बदलली, हाताने पेडल दाबले आणि म्हणाला, “देखो चाचा, कैसा मक्खन चल रहा. अब पाँव कू थोडा तेल-पानी करो.”

“पाय माझा आहे. तक्रार पेडलची आहे.”

“दोनो पुराने हे ना, चाचा,” तो म्हणाला, आणि दुसऱ्या मोटारीकडे वळला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पेडल पुन्हा ताठर होते.

मग मी सर्व्हिस सेंटरची वाट धरली. थंडगार दालन, गुबगुबीत सोफे, भिंतीवर आवाज बंद केलेला दूरदर्शन संच आणि मोबाइलमध्ये डोके घालून बसलेली माणसे. मी सकाळी मोटार दिली. दुपारी मला बोलावले. व्यवस्थापक तरुण होता, गळ्यात ओळखपत्र, बोलणे गोड. त्याने मला मोटारीत बसवून पेडल दाबायला लावले. पेडल खरोखरच नरम होते.

“सकाळी ते ताठर असते,” मी सांगितले.

“सकाळी सांधेपण ताठर असतात ना, आजोबा,” तो दालनातल्या सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला. सोफ्यावरचे दोघेतिघे हसले. एक बाई हसल्या नाहीत. त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले ती मला हसण्यापेक्षा जास्त लागली.

“तुम्ही खाली वाकून पाहिलेत का?” मी विचारले. “पेडलची दांडी वर जिथे अडकवलेली असते, ती जागा पाहिलीत का?”

“आम्ही मशीनवर चेक करतो, आजोबा. मशीन एरर दाखवत नाही.”

“मग तसे लिहून द्या.”

येथे माझ्या स्वभावाने मला अडकवले. तोंडी बोलण्याला किंमत नसते, या तत्त्वावर मी आयुष्य काढले. त्याने खांदे उडवले आणि लिहून दिले. मला हवे तसे, सही-शिक्क्यासह, ते वाक्य कागदावर आले. घरी येऊन मी त्यावर सविस्तर हरकतीचे पत्र लिहिले, जॉबकार्ड जोडले आणि नेहमीच्या शिरस्त्याप्रमाणे तळाशी ‘प्रत माहितीसाठी’ असे लिहून एक संच मुलाला मोबाइलवर पाठवला. माझ्या सर्व पत्रांच्या प्रती त्याला जातात. तो त्या उघडत असेल असे मला कधी वाटले नव्हते.

ही त्याने उघडली.

“बाबा, बास झालं आता. गाडी विकू या.”

“त्या कागदावर माझी हरकत आहे. तू हरकतीचे पत्र वाचलेस का?”

“त्यांनी सही करून दिलंय, बाबा. आणि तुम्हीच पाठवलंय.”

“ते माहितीसाठी पाठवले होते.”

“मग मिळाली ना मला माहिती.” तो दमलेला वाटला. त्याला माझी काळजी वाटते, हे मी नाकारत नाही. “संक्रांतीला येतो. तोवर कुणीतरी घेणारा बघून ठेवतो. तुम्हाला कुठं जायचं असलं की ॲपवरून गाडी मागवायची.”

“आणि फुलंब्री?”

“आत्याला व्हिडिओ कॉल लावून देतो ना मी.”

“तिला दिसत नाही.”

“मग साधा कॉल,” तो म्हणाला.

त्या शनिवारी मी गेलो नाही. पुढच्याही गेलो नाही. अक्काचा फोन आला. शेजारच्या मुलीकडून तिने तो लावून घेतला होता. “धपाटे कुत्र्याला घातले,” एवढेच म्हणाली. मी पेडलविषयी सांगायला लागलो तेव्हा पलीकडे कुणीतरी शिट्टी झालेल्या कुकरकडे धावले आणि फोन बंद झाला. लिहिलेली पत्रे टेबलावर पडून राहिली. मी एक मोठ्याने वाचून पाहिले. रिकाम्या खोलीत ते खरोखरच फार कडक वाटले.

मग मी ठरवले की जे गॅरेजवाला आणि व्यवस्थापक या दोघांपैकी कुणीही केले नाही ते आपण करायचे: प्रत्यक्ष पाहणी. सकाळच्याच वेळी, थंडीत, पेडल ताठर असताना. आणि ती रीतसर करायची. पंचनामे मी नोकरीत पोत्यांनी वाचले आहेत. चांगले चांगले पंचनामे केवळ पंच खोटे किंवा अपुरे निघाल्याने कोसळताना पाहिले आहेत. दोन पंच हवेत, त्या भागातले, प्रतिष्ठित, आणि प्रकरणात ज्यांचा हितसंबंध नाही असे.

मी फाटकात उभा राहून विचार करू लागलो की बोलवायचे कुणाला. डावीकडचे कुटुंब मुलीकडे परदेशी गेलेले; कुलपावर धूळ साचली होती. उजवीकडच्या गृहस्थांविरुद्ध त्यांच्या ध्वनिक्षेपकाबाबत माझे दोन अर्ज प्रलंबित आहेत, सबब ते निःपक्षपाती ठरले नसते. समोरच्या घरातला माझा मित्र मागच्या उन्हाळ्यात वारला. तेथे आता विद्यार्थी राहतात आणि त्या वेळी ते झोपलेले असतात. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांचा दवाखाना उघडला होता, पण त्यांना काय सांगणार, की माझ्या मोटारीत डोकावून पाहायला या? मी बराच वेळ तसाच उभा होतो. या वसाहतीत घर बांधल्याला एक पिढी उलटली, आणि जेथे सही करायची आहे अशा दोन रकान्यांत लिहायला माझ्याजवळ दोन माणसे नव्हती. त्या सकाळी पेडलपेक्षा हे मला जास्त बोचले.

शेवटी कडुलिंबाखाली हातगाडी लावून इस्त्री करणाऱ्या बाई दिसल्या. त्या कोळसे पेटवत होत्या. मी विनंती केली. त्या पदराला हात पुसत आल्या. एक पंच झाला. दुसरा नव्हता. पंचनामा सदोष राहणार हे पत्करून मी चालकाच्या बाजूचे दार उघडले, चष्मा बदलला, विजेरी घेतली आणि पाठीवर पडून डोके पेडलखाली घातले. पाय बाहेर रस्त्यावर राहिले.

“काका, काही पडलं का खाली?”

“काही पडलेले नाही. पाहणी चालू आहे. मी काय पाहतो आहे ते तुम्ही पाहा.”

“मला तर तुमचे पायच दिसायलेत.”

पेडलची दांडी वर एका खिळीत अडकवलेली असते. त्या खिळीभोवती ती फिरते. केबल तिच्यापुढे. तोच तो सांधा, ज्याच्याकडे कुणी वाकून पाहिले नव्हते. विजेरीच्या उजेडात तेथे पिवळा थर दिसला. गंज नव्हे. मी किल्लीने खरवडले. मेणासारखा, घट्ट, धुळीने करडा पडलेला थर होता. आत मात्र अजून लख्ख पिवळा. मी बोट नाकाशी नेले.

तूप आणि हळद.

शेतकरी घरात वाढलेल्या माणसाला हा वास ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांची खांदमळणी असते. वर्षभर जू ओढून घट्टे पडलेले त्यांचे खांदे तुपात कालवलेल्या हळदीने मळतात आणि त्यांच्या कानाशी लागून उद्याच्या जेवणाचे निमंत्रण देतात. अक्काच्या दावणीचे शेवटचे बैल भाच्याने विकले त्याला बराच काळ लोटला. यंदा पोळा रविवारी होता, म्हणजे आदला दिवस माझा शनिवार. त्या दिवशी मी संध्याकाळपर्यंत थांबलो होतो. ओसरीवरच्या बाजेवर डोळा लागला होता. अर्धवट झोपेत मला अंगणातून तिचा आवाज ऐकू आला होता, “आज आवतण घे, उद्या जेवायला ये.” शेजारच्यांचा बैल आला असेल, असे मी समजलो. निघताना मोटारीच्या चाकांवर हळदीची बोटे दिसली, ती मी हर्सूलला थांबून पुसून टाकली. रस्त्यात लोक हसतील असे वाटले. आत, पेडलपर्यंत, तिचा हात गेला असेल हे मला सुचलेच नाही.

मला आता दिसत होते की ती उघड्या दारापाशी बसली असेल, बैलापाशी बसायची तशी. डोळ्यांचा उपयोग नसल्याने हाताने चाचपत वर गेली असेल. जिथे ओझे पडते ती जागा शोधत. दांडी वर जिथे वळते तिथे तिला खांदा सापडला, आणि तिने तो मनापासून मळला. पावसाळ्यात तूप पातळ राहिले. थंडीत गोठले, हळद आणि धूळ धरून घट्ट झाले. दुपारच्या उन्हात वितळले. दोन्ही तपासण्या दुपारी झाल्या.

“काका,” बाहेरून आवाज आला. “उठताय, का इथंच झोपताय? माझे कोळसे विझायलेत.”

मी उठलो. त्यांनी हात दिला. काय सापडले असे त्यांनी विचारले नाही, आणि सहीसाठी मी कागद पुढे केला नाही.

दुरुस्ती साधी होती. रॉकेलमध्ये भिजवलेल्या फडक्याने मी तो थर काढला, खिळी कोरडी केली आणि पत्नीच्या शिवणयंत्राच्या तेलाची लहान बाटली कपाटात होती, तीतले थेंब सोडले. पेडल पायाच्या नुसत्या भाराने खाली जाऊ लागले. मी मोटार चालू न करताच ते पुन्हा पुन्हा दाबत कितीतरी वेळ बसून राहिलो. शेजारच्या आसनाकडे पाहून “झाले बघ,” असे माझ्या तोंडून निघून गेले.

शनिवारी चौक्याचा घाट मी विनासायास चढलो. समोरून भाचा आणि त्याची पत्नी आली. मी भोंगा वाजवून हात केला. अक्का दारातच बसली होती.

“आलास व्हय,” ती म्हणाली. “आवाजावरून वळखलं. गाडी बरी झाली?”

“झाली.”

“मला वाटलंच. मी मळला होता ना तिचा खांदा पोळ्याला. सांगितलं नव्हतं तुला, तू वरडला असतास. नरम हाय का अजून?”

शपथेवर असत्य बोलणाऱ्या माणसांचा मला नेहमी तिटकारा आला आहे.

“लोण्यासारखा आहे, अक्का.”

“मग पुढच्या पोळ्याला पण मळीन.”

“मळ,” मी म्हणालो. “पण त्या दिवशी मी दुसऱ्या दिवसाच्या जेवणापर्यंत थांबेन.” तिने धपाट्याचे पीठ ओढून घेतले. मग मी साचलेली सर्व पत्रे वाचली. सर्व्हिस सेंटरला लिहिलेले तेवढे वगळले.

आता प्रश्न उरतो तो कागदाचा. मी मुलाला फोन करून सर्व सांगितले. तो हसला, आत्याच्या आठवणीने थोडा हळवाही झाला, आणि मग म्हणाला, “पण बाबा, त्यांनी जे लिहून दिलंय ते तर तसंच आहे ना. उद्या काही झालं तर? त्यांच्याकडून दुरुस्त करून आणा, मग बघू.” म्हणजे न्याय माझ्याच भाषेत त्याने माझ्याकडे परत केला. मी सर्व्हिस सेंटरला दुरुस्तीची मागणी करणारे पत्र दिले. पोच मिळाली. स्मरणपत्र दिले. त्याचीही पोच मिळाली. संक्रांत तोंडावर आली आहे, आणि मुलाने कुणी घेणारा पाहून ठेवल्याचे कळवले आहे.

माझ्या बहिणीचा पुरावा मी सर्व्हिस सेंटरपुढे ठेवलेला नाही आणि ठेवणार नाही. तिच्या हातच्या हळदीला मी त्या दालनात हसू देणार नाही. येथे, वाचकांपुढे, लिहितो, कारण हे तिला वाचून दाखवणारा मीच आहे, आणि मी हे वाचणार नाही.

सबब माझी मागणी एवढीच आहे. ज्या व्यवस्थापकाने मला त्या दालनात सर्वांसमक्ष आजोबा म्हटले, त्याने त्याच दालनात, सोफ्यावर बसलेल्या लोकांसमक्ष, उभे राहून एका प्रश्नाचे उत्तर द्यावे: ‘गाडीत दोष नाही’ असे लिहिण्यापूर्वी तुमच्यापैकी एकाने तरी खाली वाकून पाहिले होते का? होय असेल तर त्या माणसाने पुढे यावे. नाही असेल तर ‘चालकाचे वय’ हे शब्द तुमच्या सही-शिक्क्याने, सर्वांसमक्ष, खोडावेत. पोच नको. मला फुलंब्रीला जायचे आहे, उत्तर द्या.